उजव्या हाताची खुर्ची

भाऊसाहेब,

तुम्ही गेलात त्या आठवड्याची माझी कामांची यादी अजून टेबलावर आहे. वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीला झाकण. तीन मुलींचे रजेचे अर्ज. ग्रंथालयाची दोन पुस्तकं परत. दिल्लीच्या यादीसाठी नावं. गुरुवार: बनी पार्क, भाऊसाहेबांना विचारायचं. तुम्ही बुधवारी गेलात. बाकीची कामं झाली, त्यांच्यावर रेघ मारली. शेवटच्या ओळीवर रेघ मारता येत नाही आणि ती पुढच्या पानावर उतरवताही येत नाही.

पंधरा वर्षं मी ती उतरवत आले. दर सोमवारी नवं पान आणि राहिलेल्या कामांत ही ओळ. पहिले आठ महिने सोडले तर दर गुरुवारी बनी पार्कात तुमच्याकडे येत होते, तेव्हा संधी मिळाली नाही असं म्हणायची सोय नाही. चहा व्हायचा, वर्तमानपत्र व्हायचं, अक्कांच्या गुडघ्यांची चौकशी व्हायची, की सहा वाजायचे. प्रश्न एका ओळीचा होता. दिल्लीला पाठवायच्या मुलींची यादी तुम्ही केलीत, तेव्हा तुमच्या कच्च्या कागदावर माझं नाव होतं का? लिहून मग खोडलंत, की लिहिलंच नव्हतं?

आता विचारायला माणूस राहिला नाही. म्हणून उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. जमेल तिथे वाद घालणार आहे, आणि मध्ये ‘चहा घे, गार होतोय’ म्हणायला तुम्ही नाही.

तुमच्या जाण्याचा निरोप अक्कांनीच वसतिगृहाच्या फोनवर दिला. म्हणाल्या, “कुसुम, भाऊ गेला. गच्चीवर उन्हात बसला होता. आठ वाजता नाश्ता सांगितला होता, आठला पाच कमी असताना गेला. कुठेही पाच मिनिटं आधी जायची खोड होती ना त्याला.” मी पोचले तोवर त्यांनी नाडी पाहून, घड्याळ पाहून वेळ कागदावर लिहून ठेवली होती. चाळीस वर्षं जनाना इस्पितळात काढलेली डॉक्टर आधी, तुमची थोरली बहीण नंतर. बहीण व्हायला त्यांना दुपार उजाडली.

तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी जयपूरच्या पद्धतीने बैठक केली. अक्कांना आणि मला ती माहीत नव्हती. त्यांनीच सतरंज्या आणल्या, घातल्या, तासभर गप्प बसून उठून गेले. मला ते फार आवडलं. कुणी काही बोललं नाही, त्यामुळे कुणी काही चुकीचं बोललं नाही.

चुकीचं बोलणं आपल्या मंडळाच्या शोकसभेत झालं. बदलीवर येऊन जयपुरात राहिलेली आपली सगळी मराठी कुटुंबं आली होती. चार वक्ते झाले आणि चौघांनीही तेच वाक्य म्हटलं, की तुम्ही इथल्या मुलींना परराष्ट्र सेवेची दारं उघडून दिलीत. मी पहिल्या रांगेत होते. सभा संपल्यावर चिटणीस माझ्याकडे आले. ते इथेच वाढलेले, बँकेत आहेत, त्यांचं मराठी तुम्हाला माहीतच आहे.

“बाई, स्मरणिकेसाठी तुम्हीच लिहा. एक पान. मतलब, तुम्ही त्यांच्या सर्वात जुन्या विद्यार्थिनी. जरा सॉफ्ट लिहा.”

“खरं लिहिलं तर चालेल का?”

“खरं पण सॉफ्ट.”

कोणताही मुद्दा एका पानात मांडता आला नाही तर तो मुद्दाच नाही, हा नियम तुमचा. आज मोडते आहे.

खरं काय, ते मला पहिल्या दिवसापासून सांगायला हवं. तुम्ही आमच्या कॉलेजात आलात तेव्हा परराष्ट्र सेवेतून निवृत्त होऊन बनी पार्कात अक्कांकडे राहायला येऊन तुम्हाला दोनच महिने झाले होते. आम्हाला वाटलं भाषण होईल. तुम्ही तपकिरी रंगाची एक सूटकेस टेबलावर ठेवलीत, उघडून रिकामी दाखवलीत आणि म्हणालात, “उद्या पहाटे तुम्हाला एका अनोळखी देशातल्या आपल्या वकिलातीत रुजू व्हायला निघायचं आहे. यात काय नेणार? दहा मिनिटं देतो.”

मी बावीस वस्तू लिहिल्या. क्रमांक घालून, आधी लागणाऱ्या वर. कोरे कागद, टाक, दोन प्रकारची शाई, छत्री, तिथे राहणाऱ्या आपल्या लोकांचे पत्ते, सुईदोरा, तापाच्या गोळ्या. माझ्या शेजारच्या मुलीने लिहिलं होतं, देवाची तसबीर आणि लोणचं. मी तिच्या कागदाकडे बघून हसले, ते तुम्ही पाहिलंत.

तुम्ही माझी यादी मोठ्याने वाचलीत. “यादी उत्तम आहे,” म्हणालात. “या मुलीचं कुठेही काही अडणार नाही. पण हिला कुणी जेवायलाही बोलावणार नाही. नवख्या गावात कागद घेऊन गेलात तर लोक कागदापुरतं बोलतात. लोणचं घेऊन गेलात तर बसायला सांगतात.” सगळा वर्ग हसला. मी तेविसावी वस्तू म्हणून लोणचं लिहिलं.

नंतर व्हरांड्यात मला मराठीत विचारलंत, “कुठली तू?”

“अमरावतीची. बाबा पोस्ट-तार खात्यात आहेत. बदलीवर आलो.”

“घरी काय म्हणतात तुला, इतक्या याद्या करतेस म्हणून?”

“हेडक्लार्क.”

“मला बोर्डिंगात स्टेशनमास्तर म्हणायचे,” तुम्ही म्हणालात. “काही बिघडलं नाही.”

माझ्या ज्या स्वभावाला घरात सगळे चिडवत, त्या स्वभावाची कुठल्यातरी नोकरीला गरज आहे, हे मला त्या दुपारी कळलं. तेही साध्यासुध्या नोकरीला नाही. परदेशात आपल्या देशाच्या वतीने बसायच्या, ऐकून घ्यायच्या, नेमकं तेवढंच बोलायच्या नोकरीला. मी बावीस वर्षांची होते. बाबांच्या बदल्यांमुळे दोन वर्षं मागे पडले होते. घरी येऊन वहीच्या शेवटच्या पानावर ‘परराष्ट्र सेवा’ असं लिहिलं आणि खाली काय काय करावं लागेल ते लिहून काढलं. ती वही माझ्याकडे आहे. त्यातल्या तीन गोष्टी सोडून सगळं झालं.

मग दोन वर्षं तुम्ही मला शिकवलंत. कुणाशीही महत्त्वाचं बोलणं झालं की त्याच दिवशी टिपण करायचं: तो काय म्हणाला, आपण काय म्हणालो आणि कोणती गोष्ट दोघांनीही टाळली. तिसरा भाग सर्वात मोठा असतो, असं तुम्ही सांगायचात. तुमच्या खोलीत भिंतीला नकाशा नव्हता, कपाटात भेटवस्तू नव्हत्या. जुन्या दिवसांची म्हणून तुम्ही एकच वस्तू ठेवली होती, ती चामड्याची पाटी. टेबलाच्या आकाराची, कडेने खाचा असलेली. त्या खाचांत पाहुण्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या खोचायच्या आणि कुणी कुठे बसायचं ते जेवणाआधी ठरवायचं. परदेशात त्या पाटीवर तुम्ही मंत्री बसवलेत. जयपुरात तिच्यावर मंडळाचं संक्रांतीचं जेवणही बसवायचात आणि दोन्हींत सारखंच डोकं घालायचात.

तुमचे एक जुने परदेशी सहकारी सपत्नीक जयपूर पाहायला आले, तेव्हा तुम्ही ती पाटी माझ्या हातात दिलीत. तुम्ही आणि अक्का धरून माणसं अकरा, खुर्च्या बारा. मी दोन दिवस खपून मान, वय, भाषा, खाणं सगळं बघून बसवलं. त्यांत तुमच्या ओळखीचे एक ठाकूर होते. राजेरजवाडे गेल्याचा राग ते प्रत्येक जेवणात काढायचे. त्यांना मी टेबलाच्या पार टोकाला टाकलं.

तुम्ही पाटी पाहिलीत. ठाकुरांची चिठ्ठी उचललीत आणि स्वतःच्या उजव्या हाताला खोचलीत.

“अहो, ते तुमच्याशीच भांडतात,” मी म्हटलं.

“म्हणूनच. ज्याच्याशी सर्वात कमी पटतं, तो हाताच्या अंतरावर हवा. लांब बसवला की तो ओरडून बोलतो, मग सगळं टेबल ऐकतं. जवळ बसवला की त्याला हळू बोलावं लागतं. हळू बोलणारा माणूस निम्मा ऐकूनही घेतो.” मग तुम्ही रिकाम्या खाचेवर बोट ठेवलंत. “ही बारावी खुर्ची कुणाची?”

“रिकामी. कुणी जास्तीचं आलं तर.”

“आणि तू?”

“मी आत. अक्कांना पुऱ्या तळायला कुणीतरी लागेल ना.”

अक्का दारातच उभ्या होत्या. “मी?” त्या म्हणाल्या. “मी जन्मात पुरी तळली नाही. स्वयंपाकी महाराजला बोलावलंय त्यासाठी. या मुलीला कुणी सांगितलं मी स्वयंपाक करते?”

तुम्ही कोरी चिठ्ठी घेतलीत, तिच्यावर माझं नाव लिहिलंत आणि बाराव्या खाचेत खोचलीत. “यादी करताना पहिलं नाव स्वतःचं लिहायचं,” म्हणालात. “मग हवं तर शेवटी सरकव. पण लिही.”

त्या रात्री मी बाराव्या खुर्चीवर बसून जेवले आणि त्या परदेशी बाईंशी लोणच्यावर बोलले.

हे सगळं मी कृतज्ञतेने लिहिते आहे. आणि हे लिहून झाल्यावर पुढचंही मी तितक्याच नेमकेपणाने लिहिणार आहे, हे तुम्हाला कळावं.

पुढच्याच वर्षी कॉलेजने ठरवलं, की दर वर्षी चार मुलींना परराष्ट्र सेवेच्या परीक्षेच्या तयारीसाठी सहा महिने दिल्लीला ठेवायचं. राहायची सोय एका निवृत्त प्राध्यापिकेच्या घरी. ती सोय तुमच्या शब्दावर झाली होती आणि मुली निवडायचं काम तुमच्याकडे होतं. आमच्यासारख्या घरातल्या मुलीला ती परीक्षा देण्याचा दुसरा रस्ता नव्हता. दिल्लीत कुणी ओळखीचं नाही, एकटीला कोण ठेवणार. मी ट्रंकेत काय घालायचं त्याची यादीसुद्धा करून ठेवली होती.

फलकावर यादी लागली. चार नावं. मी तीनदा वाचली, मग खालून वर वाचली. तिथून सरळ बनी पार्कात चालत आले. त्या दिवशी झालेल्या बोलण्याचं टिपण मी तुमच्याच पद्धतीने केलं होतं, म्हणून शब्द बरोबर आहेत.

“भाऊसाहेब, यादीत माझं नाव नाही.”

“नाही.”

“राहून गेलं का?”

“राहून नाही गेलं. रविवारी तुझे वडील आले होते. तुझ्यासाठी अमरावतीचं स्थळ जवळपास ठरलंय म्हणाले. दिल्लीला गेलीस तर ते मोडेल. आणि तसंही लग्न झालं की बाईला ती नोकरी सोडायला सांगता येते, असा नियमच आहे. त्यांनी विनंती केली. मी मान दिला.”

“मला विचारलं नाहीत.”

“कुसुम, दुसऱ्याच्या घरात ढवळाढवळ करायची नसते. मी आयुष्यभर तेवढं एक पाळलं.”

“मी त्याच घरात राहते.”

तुम्ही कप माझ्याकडे सरकवलात. “चहा घे. गार होतोय.”

आणि मी तो प्यायले. पंधरा वर्षांत तुमच्यावरचा राग कमी-जास्त होत राहिला, पण तो चहा प्यायल्याचा माझ्यावरचा राग तसाच आहे.

चूक तुमच्याच धंद्याची होती, भाऊसाहेब. दुसऱ्या कुणी ती केली नसती. एखाद्या मास्तराने बाबांशी वाद घातला असता, शेजाऱ्याने कानाडोळा केला असता. तुम्ही आमचं घर एक राष्ट्र धरलंत. बाबा त्याचं सरकार. सरकारने अधिकृतपणे कळवलं, तुम्ही अधिकृतपणे नोंद घेतलीत. त्या वर्षांत दुसऱ्याच्या अंतर्गत कारभारात हात घालायचा नाही हे जो तो अभिमानाने बोलत होता. देशांच्या बाबतीत ते बरोबरच असेल. पण त्या देशात राहणारी मुलगी तुमच्या गच्चीवर दर गुरुवारी वर्तमानपत्र वाचत होती. तिला विचारायला व्हिसा लागत नव्हता.

ते स्थळ तीन महिन्यांत फिसकटलं. मुलाकडच्यांना कमी शिकलेली हवी होती. तोवर त्या चौघी दिल्लीत होत्या. पुढच्या वर्षी बाबांना अर्धांगवायू झाला. मी याच वसतिगृहात अधीक्षिकेची नोकरी धरली आणि परीक्षेच्या वयातून बाहेर पडले. रडगाणं म्हणून हे सांगत नाही. नोकरी चांगली आहे. एकशे दहा मुली, त्यांच्या खोल्या, पाणी, ताप, परीक्षा, पळून जाण्याचे बेत, सगळं माझ्या वहीत असतं. मी या कामात उत्तम आहे. पण हे काम मी निवडलं नव्हतं, एवढं मला म्हणू द्या.

आठ महिने मी बनी पार्कात पाऊल टाकलं नाही. मग बाबा अंथरुणाला खिळल्याचं कळल्यावर तुम्हीच आलात. पाच मिनिटं आधी, अर्थात. हातात वर्तमानपत्र. बाबांना उजवा हात उचलता येत नव्हता, वाचताही येत नव्हतं. तुम्ही दर बुधवारी येऊन त्यांना पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचून दाखवत होतात. जाहिरातीसुद्धा, कारण त्यांना जाहिराती आवडायच्या. बाबा जाईपर्यंत, दोन वर्षं. एक बुधवार चुकला नाही. मी स्वयंपाकघरातून ऐकत असे. जगातल्या सगळ्या देशांबद्दल तुम्ही दोघं बोललात. माझ्याबद्दल एकदाही नाही. तुमच्या टिपणातला तो तिसरा भाग माझ्या घरात दर बुधवारी माझ्यासमोर बसलेला असे.

त्या दोन वर्षांसाठी मी तुमच्या पाया पडायला तयार आहे. त्या रविवारासाठी नाही. लोकांना वाटतं, एकाने दुसरं फिटतं. माझ्या वहीत ती दोन वेगळी पानं आहेत.

मग तुमचे डोळे अधू झाले, तेव्हा दिल्लीची यादी करायचं काम तुम्ही माझ्याकडे सोपवलंत. “आता तू कर,” एवढंच म्हणालात. परवा अक्का म्हणाल्या, “तीच त्याची माफी होती, कुसुम. त्याला दुसऱ्या तऱ्हेने मागता येत नव्हती.” असेल. पण काम सोपवणं म्हणजे माफी नव्हे. माफीला कर्ता लागतो, कर्म लागतं आणि ती समोरच्याला ऐकू यावी लागते.

अक्कांनी तुमची लोखंडी पेटीही दाखवली. “सगळे कच्चे कागद त्याने ठेवलेत. किल्ली ही. तुला हवं ते बघ.” म्हणजे त्यांना माझा प्रश्न माहीत होता. बहुतेक तुम्हालाही माहीत होता.

मी किल्ली परत दिली. उत्तर तुमच्याकडून हवं होतं, कागदाकडून नको. आणि तिथे पेटीसमोर उभी असताना लक्षात आलं, की कुठलंही उत्तर आलं तरी माझं म्हणणं बदलत नाही. नाव लिहून खोडलं असेल तर खोडताना मला विचारलं नाही. लिहिलंच नसेल तर न लिहिताना विचारलं नाही. पंधरा वर्षं मी चुकीचा प्रश्न पुढच्या पानावर उतरवत होते. तो प्रश्न नव्हता, तक्रार होती. तिला सौम्य दिसावं म्हणून प्रश्नचिन्ह लावलं होतं.

आता माझ्या बाजूचं एक पान. यादी माझ्याकडे आली त्याच वर्षी एका मुलीचे काका आले. तिचं नाव काढा म्हणाले. मी काढलं. त्यांना म्हटलं, तुमच्या घरातल्या गोष्टीत मी कशाला ढवळाढवळ करू. वाक्य तोंडातून गेलं आणि मागोमाग कळलं ते कुणाचं आहे. ती मुलगी फलकासमोर उभी राहिलेली मी खिडकीतून पाहिली. ती माझ्याकडे आली नाही. माझ्याहून जास्त मानी असेल. तिचं नाव इथे लिहीत नाही, कारण तिला विचारलेलं नाही. पण हा राग एकट्या तुमच्यावर नाही, हे नोंदवून ठेवते.

म्हणूनच शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी शारदाचे वडील आले, तेव्हा ते कशाला आलेत हे मला त्यांनी सांगण्याआधीच कळलं.

शारदा जवळच्या चौमूं गावची. बी.ए.ला कॉलेजात पहिली. या वर्षीच्या चार नावांत तिचं नाव मी कधीच धरलं होतं. वडिलांचं चौमूंच्या बाजारात धान्याचं दुकान आहे. सकाळच्या बसने आले, मांडीवर फडक्यात बांधलेली आवळ्याच्या लोणच्याची बरणी. ती त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली आणि मला तुमची आठवण आली. काही माणसांना तुमची शिकवण जन्मतःच येत असते.

“बहनजी, छोटी सी बात थी. शारदा का नाम इस साल मत भेजिए. सगाई की बात चल रही है. लड़केवाले सीकर के हैं, भले लोग हैं.”

“शारदा को मालूम है?”

“उसे क्या बताना. बच्ची है.”

“कॉलेज में पहली आई है आपकी बच्ची.”

“वो तो भगवान की किरपा है,” ते म्हणाले. “अब आप बड़ी हैं, समझती हैं. हमारे घर का मामला है.”

वाईट माणूस नव्हता तो. बाबाही नव्हते. माझं ते वाक्य जिभेवर तयार होतं, तुमच्याकडून आलेलं, घासून गुळगुळीत झालेलं. मी घंटी वाजवून शारदाला बोलावलं. ती ओढणीला हात पुसत आली, केस धूत असावी. मी वडिलांसमोर तिला सगळं सांगितलं. ते काय म्हणतात, यादी कधी जाते, लग्नाबद्दलचा नोकरीचा नियम काय आहे, तो अजून तसाच आहे. आणि विचारलं, “तुम क्या चाहती हो?”

भाऊसाहेब, ते चार शब्द म्हणायला किती वेळ लागतो ते मी आज मोजून सांगू शकते. वेळ लागतच नाही.

शारदाने वडिलांकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, “सोचकर बताऊँगी.”

वडील सैलावले. त्यांना वाटलं, नाहीच म्हणाली. मलाही तसंच वाटलं. तिला खांद्याला धरून हलवावं, हो म्हण असं सांगावं, माझं सगळं सांगावं, असं फार वाटलं. नाही सांगितलं. विचारायचं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडात उत्तर घालायचं नाही, एवढं तरी मला कळायला हवं होतं. “गुरुवार तक,” मी म्हटलं. ते तीन दिवस मी कसे काढले ते विचारू नका. स्टोअरमधल्या चादरी दोनदा मोजल्या.

गुरुवारी चारला ती आली. माझी तुमच्याकडे निघायची वेळ. पाय सवयीने चपलेत गेलेच होते.

“नाम लिख दीजिए, बहनजी.”

“पिताजी?”

“कल चौमूं जाकर कह आई. दो दिन नहीं बोलेंगे.”

“फिर?”

“तीसरे दिन माँ उनसे बोलना बंद कर देंगी. फिर बोलेंगे.”

“और सगाई?”

“पिताजी से कहा, लड़केवालों से कहिए रुकें. नहीं रुके तो मैं क्या करूँ, छह महीने तो मुझे भी लगेंगे ना.” मग तिनेच विचारलं, “बहनजी, वो नियम, शादीवाला. वो कभी बदलेगा?”

“पता नहीं. अंदर जाकर लड़ना पड़ेगा.”

“तो पहले अंदर जाती हूँ,” ती म्हणाली.

मी कागद तिच्याकडे फिरवला आणि टाक दिला. “तुम लिखो.”

“कहाँ? तीन नाम तो लिखे हुए हैं.”

“सबसे ऊपर जगह है.”

तिने लिहिलं. अक्षर वाईट आहे तिचं, ते सुधारायला हवं. सोमवारच्या टपालाने यादी गेली.

मुली दिल्लीला निघण्याआधी मी दर वर्षी त्यांना घरच्यांसकट जेवायला बोलावते. यंदाचं जेवण या रविवारी आहे. शारदाचे वडील येतो म्हणालेत. तिसऱ्या दिवशी बोलले. अजून माझ्यावर नाराज आहेत, पण आणखी एक बरणी पाठवली आहे.

तुमची चामड्याची पाटी अक्कांनी मला दिली. ती मात्र मी घेतली. बाराव्या खाचेत माझ्या नावाची चिठ्ठी होती, तुमच्या अक्षरातली, कडा पिवळ्या पडलेल्या. चिटणिसांना वाटेल, आता बाई विरघळल्या. नाही. जेवणाच्या टेबलावर तुम्ही मला न मागता जागा दिलीत आणि जिथे मला खरंच बसायचं होतं तिथली माझ्यामागे काढून घेतलीत. दोन्ही अक्षरं तुमचीच. दोन्ही मी जपून ठेवणार आहे.

काल रात्री कामांची यादी संपवून पाटी पुढ्यात घेतली. आधी स्वतःची चिठ्ठी खोचली, या वेळी यजमानाच्या जागी. चार मुली, त्यांच्या घरची पाच माणसं. अक्का मधोमध, त्या आग्रह करून वाढतील. शारदाच्या वडिलांना माझ्या डाव्या हाताला बसवलं आहे, म्हणजे त्यांना ओरडावं लागणार नाही.

उजव्या हाताची खाच रिकामी होती. ज्याच्याशी सर्वात कमी पटतं त्याची ती जागा. मी कोरी चिठ्ठी घेतली आणि तुमचं नाव लिहिलं.

जेवण आठ वाजता आहे. चहा मिळणार नाही.